म्हातारखातं

आमच्या चाळीत सकाळी रेडिओच्या बातम्या लागतात, त्याच्या आधी बदलीभाऊंच्या लागतात. दुसऱ्या मजल्यावर सोळा नंबरच्या दारात, बनियन आणि पट्ट्यांचा लेंगा अशा वेशात भाऊ उभे राहतात, रॉकेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं तोंडाला लावतात आणि खालच्या चौकात आवाज सोडतात.

"बातम्या ऐका! पहिला मजला, चार नंबर. आप्पांचं पोट अखेर साफ झालं. घरच्या मंडळींचं अभिनंदन. तळमजला, दोन नंबर. नमूआत्याने काल स्वतःच्या हाताने पेज घेतली. निम्मी तोंडात, निम्मी अंगावर, पण प्रगती आहे. तिसरा मजला. आजोबांना रात्रभर खोकला. सूनबाईंचा डोळ्याला डोळा नाही, तेव्हा त्यांच्या दारात कुणी भांडी आपटू नयेत. नाक्यावरचे डॉक्टर आज बसणार नाहीत, उगाच कुणी म्हाताऱ्या माणसाला जिने उतरवू नका. रेशनवर रॉकेल आलंय. सणाची बातमी! संक्रांत मंगळवारी, आपलं हळदीकुंकू रविवारी. बातम्या संपल्या. चहा प्या."

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणजे माझे आजोबा, आणि सूनबाई म्हणजे माझी आई. या बातम्यांत आमचं घर पहिल्यांदा आलं तेव्हा मी तडक खाली उतरले. मी संपकरी कुटुंबांच्या समितीची पत्रकं लिहिते. निषेध करायला मला वेळ लागत नाही.

"भाऊ, माणसाच्या पोटाच्या बातम्या जाहीर करता? काही खाजगी असतं की नाही?"

भाऊंनी नरसाळं काखेत घेतलं, गॅलरीच्या टोकाला असलेल्या संडासाकडे पाहिलं, तिथे डबे घेऊन उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"चाळीत?" ते म्हणाले.

वर आल्यावर माझा निषेध आईनेच मोडून काढला. "राहू दे गं," ती आजोबांची चादर झटकत म्हणाली. "मला वाटायचं, रात्री अख्ख्या चाळीत मी एकटीच जागी असते. भाऊ बोलायला लागल्यापासून कळलं, चार नंबरलाही दिवा जळत होता."

मी निषेध तिथेच गुंडाळला.

भाऊंचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच राहू दे. चाळ त्यांना बदलीभाऊ म्हणते. बदली म्हणजे काय, हे गिरणगावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गिरणीत काही कामगार कायम असत आणि काही बदली. कायम माणूस आजारी पडला, गावी गेला, तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्या दिवसापुरता बदली माणूस उभा राहायचा. म्हणजे रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी जायचं. जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, बोट दाखवलं तर आत. नाही दाखवलं तर तोच डबा घरी आणून बायकोसमोर खायचा. भाऊंनी अशी ऐन उमेदीची वर्षं फाटकावर काढली. कायम व्हायची पाळी आली आणि संप झाला. संप मागे घेतला असं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही. भाऊंची गिरणी मात्र गेली. या विषयावर मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की इथे हात आवरते.

भाऊ फक्त माझ्या तोंडावर मला "पत्रक" म्हणतात. "काय गो पत्रक, आज कोणाचा धिक्कार?"

त्यांच्या घरातली व्यवस्था अशी आहे. सुमनवहिनी दादरला एका मोठ्या घरात तिथल्या म्हाताऱ्या बाईंना सांभाळायला जातात. आणि वहिनींच्या आईला, म्हणजे जिजीला, इथे भाऊ सांभाळतात. दादरच्या बाईंना पुसलं, भरवलं, कुशीवर वळवलं, की त्याला नोकरी म्हणतात. परळच्या जिजीला तेच सगळं केलं, की "भाऊ हल्ली घरीच असतात" असं म्हणतात. काम तेच, अंगातून गळणारा घाम तोच. मग एकाला पगार आणि दुसऱ्याला कीव, हा हिशेब कुणी लावला? हा माझा जाहीर सवाल आहे आणि तो मी वाचकांनाही विचारते आहे.

जिजी आधी मुलाकडे होती. तिचं डावं अंग गेलं त्याच सुमाराला मुलाने डोंबिवलीला ब्लॉक घेतला. ब्लॉकमध्ये टीव्हीला जागा झाली, जिजीच्या खाटेला झाली नाही. मग भाऊच टॅक्सी करून गेले आणि तिला उचलून घेऊन आले. दोन जिने तिला पाठुंगळीवर घेऊन चढले. चाळीतले लोक सांगतात, त्या दोन जिन्यांत जिजी जावयाच्या पाठीवर बसून जिन्याच्या कठड्याला शिव्या घालत होती. थेट जावयाला नाही. कारण ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

हे प्रकरण लग्नाच्या वेळचं आहे. भाऊ मागणी घालायला गेले तेव्हा जिजीने दारातच सांगितलं होतं, "बदलीवाल्याक माजा चेडू देवचंय नाय. कायम झालो काय मगे येवा." म्हणजे, मुलगी देणार नाही, आधी कायम हो. लग्न तिच्या नाकावर टिच्चून झालं. भाऊही जिजीसारखे वेंगुर्ल्याकडचेच, तेव्हा हट्टाला तेही कमी नव्हते. त्यांनी ठरवलं, कायम झाल्यावरच सासूच्या समोर उभं राहायचं आणि तोंड उघडायचं. तोवर नाही. आणि मग संप झाला.

आता दहा बाय बाराच्या खोलीत, दिवसभर, दोनच माणसं. एकाने दुसऱ्याला न्हाऊमाखू घालायचं, भरवायचं, आणि बोलायचं नाही. पण बोलल्याशिवाय चालत तर नाही. त्यावर दोघांनी आपापला तोडगा काढला. जिजी भिंतीशी बोलते. भाऊ स्टोव्हशी बोलतात.

"भिंती," जिजी म्हणते, "सांग त्येका, च्याय थंड पाणी झाली हा."

"स्टोव्हा," भाऊ म्हणतात, "सांग त्येंका, दिलंय तेवा उन हुती. भांडत बसल्यार थंड जातलीच."

"भिंती, साकर पडाक नाय म्हणान सांग."

"स्टोव्हा, डॉक्टरान साकर बंद केल्यान म्हणान सांग."

"भिंती, त्या डॉक्टराक म्हणा, तूच पी बिनसाकरेची."

जिजीचं तोंड एका बाजूला वाकडं झालंय, पण बोलणं सरळ आहे, जरुरीपेक्षा जास्तच. एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो, समोरासमोर बसलाय, बोलून टाका ना एकदाचं."

"शिस्त आहे गो," भाऊ म्हणाले आणि स्टोव्हला पंप मारू लागले.

शिस्त हा भाऊंचा आवडता शब्द. गिरणीने त्यांना कायम केलं नाही, पण गिरणीचं सगळं त्यांनी कायम ठेवलंय. सकाळची पहिली पाळी म्हणजे अंग पुसणं. दुपारची दुसरी पाळी म्हणजे जेवण आणि मालिश. हात-पाय चोळायच्या तेलाला ते वंगण म्हणतात. दर थोड्या वेळाने जिजीला या कुशीवरून त्या कुशीवर वळवतात आणि तिची पाठ खिडकीच्या उजेडाकडे करून असे निरखतात, की गिरणीतला कापड तपासणाराही निरखणार नाही. मग गॅलरीत येऊन, कुणी विचारलेलं नसताना, जाहीर करतात, "माल एक नंबर. डाग नाय."

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. कापडाला डाग पडला, की ते कापड बाद आणि विणणारा गुन्हेगार. भाऊंच्या हिशेबाने पाठीचंही तसंच आहे. जिजी खाटेवर पडली त्याला बरीच वर्षं झाली, पण एक डाग नाही. मोठमोठ्या इस्पितळांतून म्हातारी माणसं कशा पाठी घेऊन घरी येतात ते मी पाहिलंय, म्हणून लिहिते.

आता म्हातारखात्याविषयी. गिरणीतल्या एकेका विभागाला खातं म्हणतात.

आमच्या चाळीत जवळपास एक खोली सोडून एक, कुणी ना कुणी पडलेलं आहे. गिरण्या चालवून चालवून ज्यांची छाती कापसाने भरली, गुडघे गेले, ती पिढी आता खाटांवर आहे. त्यांना सांभाळायला बायका. पुरुषांची गिरणी गेली म्हणून ते नाक्यावर, आणि बायकांची गिरणी खोलीत चालूच. एका संक्रांतीला वहिनींनी सोळा नंबरमध्ये हळदीकुंकू ठेवलं, वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या. संध्याकाळ झाली तरी गाळण्या तशाच. ज्यांना बोलावलं त्यातली एकही आली नाही. कुणाच्या सासऱ्याला एकटं ठेवता येत नव्हतं, कुणाच्या आईला ताप होता. भाऊ म्हणे गाळण्यांच्या त्या चळतीकडे बराच वेळ पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चाळीच्या फाटकापाशी गेले. तिथे नेहमीप्रमाणे कॅरम आणि पत्ते चालले होते. माझे वडीलही होते. भाऊ मधोमध उभे राहिले आणि गिरणीतल्या जॉबरच्या आवाजात ओरडले, "बदलीवाले! उभे राहा!"

आणि सांगायचं म्हणजे, ते उभे राहिले! हातातले पत्ते टाकून पाच-सहा बाप्ये रांगेत उभे. अंगातच मुरलेलं ते. आपल्याला आता गिरणी नाही हे त्यांच्या ध्यानात येईपर्यंत भाऊंनी बोट दाखवून कामं वाटलीही होती. "तू, चार नंबर, आप्पा. तू, दोन नंबर, नमूआत्या. रविवारी दुपारी दोन तास. त्या दोन तासांत त्या घरची बाई हळदीकुंकवाला जाणार आणि तिच्या साच्यावर तुम्ही. आजपासून हे म्हातारखातं."

नेमणुकीचा नियम एकच. कुणाला स्वतःच्या घरात नेमायचं नाही. "आपल्या घरात बाप्या माणूस पाहुणा असतो," भाऊ म्हणाले. "दुसऱ्याच्या घरी लाजेने का होईना, काम करतो."

पण आधी परीक्षा. भाऊ फाटकाजवळच्या बाकड्यावर आडवे झाले, डावा हात-पाय ताठ करून. "आता मी जिजी. मला उठवून बसव."

माझे वडील पुढे आले. सुताच्या जडशीळ रिळांना खांदा दिलेला माणूस. त्यांनी भाऊंना काखेत धरून असा हिसका दिला, की भाऊ बाकड्याच्या पलीकडे आणि वडील त्यांच्या अंगावर.

"मेली," भाऊ जमिनीवरून म्हणाले. "जिजी मेली. नापास. दुसरा!"

ही परीक्षा पाहायला गॅलऱ्या भरल्या होत्या. इतकं हसलेली आई मी त्याआधी कधी पाहिली होती, आठवत नाही. वडील चौथ्या खेपेला पास झाले.

रविवार उजाडला. बायका काठापदराच्या साड्या नेसून खाली उतरल्या. ज्यांचं तोंड फक्त नळावर दिसायचं त्या गजरे माळून बसल्या, उखाण्यांना ऊत आला. सगळं सुरळीत चाललं होतं आणि पलीकडच्या गिरणीचा भोंगा वाजला. ती गिरणी थोडीफार चालू आहे अजून. भोंगा म्हणजे पाळी सुटली! हात जिथे होता तिथून बदलीवाले उठले. माझ्या वडिलांनी आप्पांच्या तोंडात घास ठेवलेला, दुसरा हातात तयार, तो ताटलीत ठेवून ते सरळ दाराबाहेर. दोन नंबरमध्ये नमूआत्या अर्धी वळवलेली, तशीच. सगळे बाप्ये जिने उतरून फाटकाशी आले, तेव्हा कुठे एकमेकांची तोंडं बघून त्यांना उमगलं.

भाऊ हातात नरसाळं घेऊन वरून धावले. "चालू साचा सोडला! हरामखोरांनो, चालू साचा सोडला!"

त्या दिवसापासून बातम्यांत एक कायमची सूचना आहे. "म्हातारखात्याला भोंगा नाही. समोरचा माणूस येऊन हातात हात देईपर्यंत जागा सोडायची नाही."

आता गौरीत फुगड्या असोत, कोजागरीचं दूध असो, खात्याचा सण वेगळा ठरतो आणि सकाळच्या बातमीत सांगितला जातो. माझा राग एवढाच होता, आणि तो मी भाऊंना तोंडावर सांगितला. "आमच्या आयांनी जन्मभर हेच केलं तर त्याला नाव नाही, आणि तुम्ही पुरुषांनी दोन तास केलं तर लगेच खातं?"

मला वाटलं, भाऊ चिडतील. ते म्हणाले, "बरोबर आहे. लिही तसं. आणि हेपण लिही, जिजीला पहिल्यांदा कुशीवर कसं घ्यायचं ते मला तुझ्या आईने शिकवलं." मग वळता वळता, "अक्षर जरा मोठं छाप. बायकांना उभ्या-उभ्या वाचावं लागतं."

सगळ्या चाळीला बदली देणाऱ्या भाऊंनी स्वतः मात्र कधी बदली घेतली नाही. बातम्यांतही सोळा नंबर कधी नसतो. मी विचारलं तर म्हणायचे, "आमच्याकडे काय बातमी? माल एक नंबर."

मग यंदाची चाळीची सत्यनारायणाची पूजा आली. पूजेच्या संध्याकाळी चौकात डबलबारी ठरली. म्हणजे भजनाच्या दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, दोन बुवा आणि त्यांचे साथीदार. देवाचं नाव घेत घेत एकमेकांची भजनातूनच उणीदुणी काढतात. भाऊ एके काळी पखवाज वाजवायचे. त्यांचा हात ऐकायला लोक भायखळ्याहून चालत यायचे, असं माझे वडीलही मान्य करतात, आणि वडील भाऊंचं सहसा काही मान्य करत नाहीत. संपानंतर भाऊंनी पखवाजाला हात लावला नव्हता. तो जिजीच्या खाटेखाली, भांड्याच्या मागे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला असायचा.

पूजेच्या आठवड्यात त्यांच्या पार्टीचे बुवा स्वतः दोन जिने चढून आले. त्यांचा पखवाजवाला गावी गेला होता. बुवांनी भाऊंचे हातच धरले. "अरे, समोर दादरची पार्टी आहे. आपल्या चौकात आपली अब्रू जाईल. दोन तासांचा प्रश्न आहे."

"जमणार नाही, बुवा."

"अरे, तुझ्याच खात्यातला एक माणूस बसव की इथे!"

"माझ्या साच्यावर बदली नाही," भाऊ म्हणाले आणि बुवांना चहा करायला वळले.

वहिनींना पूजेच्या रविवारी सुट्टी नव्हती. दादरच्या घरात लग्न होतं आणि लग्नाला म्हातारीला नेत नाहीत, म्हणून वहिनींना उलट रात्रीपर्यंत थांबायचं होतं. पण मी होते. बाकड्यावरची परीक्षा मी पहिल्या खेपेला पास झाले होते.

मी भाऊंना जिन्यात गाठलं. "अख्ख्या चाळीला सांगता, सांभाळणाऱ्या माणसाला सण हवा. तुम्ही माणूस नाही? हा ढोंगीपणा आहे."

"पत्रक, हळू बोल."

"नाही बोलणार हळू. तुम्हाला वाटतं आम्हाला कुणाला जमणार नाही?"

भाऊ पायरीवर बसले. लेंग्याच्या नाडीशी चाळा करत राहिले.

"जमेल गो," ते म्हणाले. "तीच तर भीती आहे."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"फाटकावर उभा असायचो ना मी," भाऊ सांगू लागले, "तेव्हा मनात एकच मागणं असायचं. आत कुणाला तरी ताप येऊ दे. कुणाचं तरी बोट साच्यात सापडू दे, थोडंसंच. म्हणजे मला पाळी मिळेल. रोज सकाळी देवाचं नाव घेऊन मी हे मागायचो. आणि मिळाली पाळी, की तो साचा मी असा चालवायचो, की जॉबर म्हणायचा, वा. मग तो कायमवाला बरा होऊन यायचा, आणि मी परत फाटकावर." ते हसले, पण ते हसणं नरसाळ्यातल्या माणसाचं नव्हतं. "आख्ख्या मुंबईत मी रोज उठून जिथे जायचं अशी एकच जागा आहे आता. ती खाट. तिथे उद्या तू उभी राहिलीस, आणि त्यांना वाटलं, ही बरी आहे, हिचा हात हलका आहे, तर?"

"तर काय, भाऊ?"

"तर मी परत फाटकावर."

हक्क, मागणी, लढा, हे माझे सगळे शब्द त्या पायरीवर लहान पडले असते. मी फक्त म्हटलं, "दोन तास, भाऊ. चौक खालीच आहे. तुम्हाला आमचा आवाज येईल."

काय वाटलं कोण जाणे, ते हो म्हणाले.

रविवारी चार वाजता भाऊंनी मला साचा हातात दिला. म्हणजे खरोखर दिला. जिजीचा उजवा हात उचलून माझ्या हातात ठेवला, मग स्वतःचा काढून घेतला. पेज कुठे, भांडं कुठे, कुठल्या कुशीवर कधी, सगळं दोनदा सांगितलं. खाटेखालून पखवाज ओढला. जिजी टक लावून पाहत होती. भाऊ स्टोव्हला म्हणाले, "स्टोव्हा, येतंय." आणि गेले.

मी पेजेचा चमचा पुढे केला. जिजीने ओठ मिटले.

मी तिला वळवायला हात घातला. तिने उजव्या हाताने खाटेचा लोखंडी कठडा असा धरला, की दोन बाप्यांनाही सोडवता आला नसता.

"जिजी, भाऊंना पण विश्रांतीचा हक्क आहे," मी म्हटलं.

"भिंती," जिजी म्हणाली, "ह्या चेडू बोलता बरा. पण ह्येका इचार, माजो माणूस खंय गेलो?"

"भजनाला गेलेत, जिजी. आत्ता येतील. तोवर मी आहे. आज मी बदली."

जिजीने मान माझ्याकडे वळवली. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं.

"बदली माका नको," ती म्हणाली. एवढ्या मोठ्याने, की गॅलरीत ऐकू जावं. "बदलीक मी ह्या घरात कधी घेवक नाय. भिंती, सांग ह्येका, माका माजो कायमचो माणूस व्हयो. तो खंय गेलो?"

दाराबाहेर काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला. मी वाकून पाहिलं. भाऊ गेलेच नव्हते. दाराच्या आडोशाला, पखवाज पोटाशी धरून, भिंतीला पाठ लावून उभे होते. खालून बुवा हाका मारत होते. भाऊंना त्या ऐकू येत नव्हत्या.

बऱ्याच वेळाने ते उंबऱ्यापर्यंत आले. आत पाऊल टाकलं नाही. घसा खाकरला. स्टोव्ह कोपऱ्यात थंड होता, त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "स्टोव्हा, सांग त्येंका. कायम माणसाक हक्काची रजा असता. घटकाभर खाली जावन येतंय."

जिजीने कठडा सोडला.

"भिंती, सांग त्येका, जा म्हणान," ती म्हणाली. "पण त्या समोरच्या बुवाक सोडू नको म्हणाव."

भाऊ जिना कसे उतरले ते मी पाहिलं नाही. पण थोड्याच वेळात खालून पखवाज बोलू लागला, सुरुवातीला अडखळत, मग नाही. जिजीने पेज घेतली. वळली. पाठ मी उजेडाकडे करून पाहिली. एक डाग नव्हता. पहिल्या रांगेत माझी आई खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती, हे मला खिडकीतून दिसत होतं. आजोबांपाशी चार नंबरचा मुलगा होता, आणि आप्पांपाशी माझे वडील. मध्येच भोंगा झाला. यावेळी कुणी उठलं नाही.

दादरच्या पार्टीचं काय झालं ते दादरवाल्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ नेहमीच्या जागी उभे राहिले. बनियन, लेंगा, नरसाळं. आप्पांचं पोट झालं, नमूआत्याची पेज झाली, आजोबांचा खोकला झाला. डॉक्टर, रॉकेल, शिमग्याची बातमी. मग ते थांबले. रोज इथे बातम्या संपतात आणि चहा येतो.

"दुसरा मजला," भाऊ म्हणाले. नरसाळ्यातून आवाज जरा फाटला. "सोळा नंबर. कामगार कालपासून कायम."

खाली नळावर, गॅलऱ्यांतून, पत्त्यांच्या डावाभोवती, सगळे गिरणीचेच लोक. या शब्दासाठी कुणी किती वर्षं घालवली आणि कुणाकडून तो एका रात्रीत कसा काढून घेतला गेला, हे प्रत्येकाला माहीत होतं. कुणी हसलं नाही. माझे वडील पत्ते हातात धरून वर पाहत राहिले.

तेवढ्यात सोळा नंबरमधून जिजीचा आवाज आला.

"बोंबलान झाला आसात तर च्याय ठेय रे. घसो सुकलो माजो."

यात भिंतीचं नाव नव्हतं. भाऊंनी नरसाळं खाली ठेवलं आणि ते आत गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. स्टोव्हशी ते काही बोलल्याचं मात्र मला ऐकू आलं नाही.